पित्ताशयाची दुर्बीण-शस्त्रक्रिया आणि नलिकांची ओळख
बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली पोट उघडून पित्ताशय काढले, आणि पुढील शतकभर हाच मार्ग शल्यचिकित्सेत रूढ राहिला. जर्मनीतील एरिख म्यूहे यांनी 1985 मध्ये ते दुर्बिणीने काढले, परंतु स्वदेशातील शल्यचिकित्सकांनी प्रथम त्यांची उपेक्षाच केली. ल्यॉनच्या फिलिप मूरे यांनी 1987 मध्ये केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मात्र ही पद्धत झपाट्याने पसरली. भारतात अशी शस्त्रक्रिया 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली आणि काही महिन्यांत पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनीही. उडवाडिया 1972 पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते, म्हणूनच हे नवे तंत्र त्यांनी इतक्या लवकर हाती घेतले.

तंत्रांतील मतभेद प्रथम उभे राहण्याच्या जागेवरून होते: फ्रेंच पद्धतीत शल्यचिकित्सक रुग्णाच्या दोन पायांमध्ये, तर अमेरिकन पद्धतीत डाव्या बाजूस उभा राहतो. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरण्यासाठी काही जण वेरेस सुई टोचतात, तर काही हॅसन यांच्या पद्धतीने लहान छेद घेऊन डोळ्यांदेखत आत शिरतात. या निवडींपेक्षा कॅलोच्या त्रिकोणातील काम अधिक निर्णायक ठरते. यकृताची खालची बाजू, पित्ताशयनलिका आणि यकृताकडून येणारी मुख्य नलिका यांच्यामधील या जागेत मुख्य नलिकेलाच पित्ताशयाची नलिका समजून कापले जाण्याचा धोका असतो, आणि आरंभीच्या वर्षांत अशी इजा उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक वेळा झाली. म्हणून 1995 मध्ये स्ट्रासबर्ग यांनी असा दंडक मांडला की, त्रिकोणातील चरबी व तंतू साफ करून, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवून, पित्ताशयाकडे केवळ दोनच रचना जाताना दिसल्याशिवाय काहीही कापू नये. सुजेमुळे त्रिकोण घट्ट चिकटलेला असेल, तर पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवणे किंवा पोट उघडणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो.

भोपाळमध्ये आणखी एक कारण सावधगिरीस भाग पाडते. 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर 1986 साली तेथे सुरू झालेल्या कर्करोग-नोंदणीत पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण चेन्नईपेक्षा बरेच अधिक दिसते. अशा प्रदेशात पित्तखड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयातही नकळत कर्करोग असू शकतो. ते फाटले आणि पित्त सांडले, तर कर्करोगाच्या पेशी दुर्बिणीसाठी पाडलेल्या छिद्राच्या जागी रुजण्याची भीती असते, म्हणून संशय येताच अवयव पिशवीत घालून बाहेर काढला जातो व सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीसाठी पाठवला जातो.