क्लोनिसची गाठ



क्रोशा आपल्याला येतो, असं मी गेली तीस वर्षं समजत होते. साखळी, मुका खांब आणि खांब, आईने शिकवलेल्या एवढ्या भांडवलावर दोन रुखवतांची तोरणं, ताटांवरचे रुमाल आणि टीव्हीवरचं झाकण करून झालं होतं. गेल्या हिवाळ्यात इथे डब्लिनला आयरिश क्रोशाच्या वर्गात जाऊन बसले आणि दुसऱ्याच संध्याकाळी गाडी अडली. अडवलं एका एवढ्याशा गाठीने. तिचं नाव क्लोनिस नॉट. (स्पेलिंग वाचून आपण 'क्लोन्स' म्हणतो आणि इथले लोक गालात हसतात.)

गाठ दिसायला मटकीच्या दाण्याएवढी. तीन-चार साखळ्या घालायच्या, सुईवर दोऱ्याचा वेढा घ्यायचा, सुई त्या साखळ्यांच्या खालून नेऊन पलीकडून दोरा ओढून आणायचा. पुन्हा वेढा, पुन्हा खालून. साखळी पुरती झाकेपर्यंत असं आठ-दहा वेळा. मग त्या सगळ्या वेढ्यांतून एका दमात दोरा बाहेर काढायचा आणि गाठीच्या मुळाशी मुका खांब घालून ती पक्की करायची. खरी गोम त्या एका दमात आहे. वेढे घट्ट झाले की सुई मध्येच रुतते, सैल राहिले की गाठीऐवजी गुंता. शिकवणाऱ्या आजीबाई माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "तू दोऱ्याशी भांडतेस."

आता या गाठीची कुळकथा. क्लोनिस हे मोनाहन परगण्यातलं छोटंसं गाव. १८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. गरिबांच्या घरात दोन्ही वेळ बटाटाच, त्यामुळे पीक गेलं म्हणजे सगळंच गेलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, तेवढीच किंवा जास्तच देश सोडून गेली. धान्य मात्र बंदरांतून बाहेर जातच होतं. सरकारने रस्त्यांची कामं काढली, खडी फोडायला लावली. आपल्याकडे '७२ चा दुष्काळ पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष १८४७. त्या वर्षी क्लोनिसच्या रेक्टरच्या पत्नी कॅसान्ड्रा हँड यांनी किल्डेअरहून क्रोशा शिकवणारी बाई बोलावली आणि गावातल्या बायकांना सुई धरायला शिकवलं. क्रोशाच का? तर श्रीमंतांत व्हेनिसच्या सुईकामाच्या लेसला भारी मागणी होती, पण ती करायला अतोनात वेळ लागे. तसाच उठाव क्रोशाने पुष्कळ लवकर साधत होता. हत्यारही फुकटात. साध्या सुईचं नेढं मोडून आकडा करायचा आणि ती लाकडाच्या मुठीत बसवायची.

उठाव कसा येतो, ते मला हाताने केल्यावरच कळलं. गुलाब, द्राक्षाचं पान, तीन पानांचा शॅमरॉक हे नमुने जाड दोऱ्याच्या पेडावरून विणतात, म्हणून कडा फुगीर उभ्या राहतात. एकेका घराचा एकेक नमुना ठरलेला असे. शेजारीण आली की काम पदराखाली जाई, असं सांगतात. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्या एका गुलाबावर घरची चूल होती. मग एखादी जाणती बाई सगळे नमुने कापडावर टाचून मधल्या जागा जाळीने भरत असे. नुसती जाळी लुळी पडते. तिच्यात या गाठी आल्या की अंग धरते, आणि व्हेनिसच्या लेसवरच्या बारीक काट्यांची भरपाई होते. शेवटी टाके उसवून कापड काढून घ्यायचं.

या पैशातून भाडं भरलं गेलं आणि कित्येकींनी अमेरिकेच्या बोटीचं तिकीट काढलं. म्हणजे उसवलेल्या कापडामागोमाग विणणारीही गेलीच. पुढे यंत्रावर नकली लेस निघाली, पहिल्या महायुद्धानंतर फॅशन बदलली आणि धंदा बसला. अस्सल क्रोशा मात्र अजून यंत्राला जमलेला नाही.

आपल्या देशातही असंच एक गाव आहे, आंध्रातलं नरसापूर. तिथेही मिशनऱ्यांमार्फत क्रोशा आला आणि घरोघरी गेला. मारिया मीस यांनी १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. दिवसाचे कितीतरी तास लेस विणणाऱ्या, परदेशी बाजाराला माल पुरवणाऱ्या या बायका सगळ्यांच्या लेखी (त्यांच्या स्वतःच्याही) 'घरीच असतात', फावल्या वेळात काहीतरी करतात, आणि व्यापार पुरुषांच्या हातात, हे त्यांनी दाखवलं. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. मजुरीचं काय, ते मानांकनात लिहिलेलं नसतं.

असो. माझा हिशेब सांगते. विजेच्या दिव्याखाली, पोटभर जेवून, हाताशी चहा ठेवून मी एका संध्याकाळी सात गाठी केल्या. एका कॉलरला शेकड्याने लागतात. सातातल्या दोन आजीबाईंनी उसवायला लावल्या, आणि उसवायला विणण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

चूकभूल द्यावी घ्यावी.