पोर्टिंगची कुळकथा

जुनं सॉफ्टवेअर एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर नेणं, म्हणजे पोर्टिंग, हे आज कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत चालणारं काम आहे. ते करताना आपण जिथे जिथे ठेचकाळतो, त्यातल्या बऱ्याचशा जागा १९७०च्या दशकातच सापडल्या होत्या, आणि त्या शोधणारी माणसंही माहीत आहेत.

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७३मध्ये युनिक्स सी भाषेत नव्याने लिहून काढलं. तरी ते चालायचं डीईसी कंपनीच्या पीडीपी-११ या मशीनवरच. सी भाषेचे पाय मात्र एव्हाना बाहेर पडले होते. हनीवेल आणि आयबीएमच्या मोठ्या मशीनांसाठी तिचे कंपायलर तयार झाले, आणि युनिक्सवरचे प्रोग्रॅम तिकडे न्यायची खटपट सुरू झाली.

इथे सगळ्यांची दमछाक झाली. युनिक्समध्ये फाइल म्हणजे एकामागून एक येणारे बाइट, बस्स. आयबीएमच्या सिस्टिममध्ये फाइल म्हणजे रेकॉर्डांची चळत; रेकॉर्डची लांबी, ब्लॉकचा आकार, सगळं ठरवून द्यावं लागे. अक्षरांचे क्रमांकही निराळे. पीडीपी-११वरच्या आस्की संकेतात इंग्रजी वर्णमालेची अक्षरं ओळीने येतात. आयबीएमच्या एब्सिडिक संकेतात छोट्या लिपीतला ‘आय’ १३७वर आणि त्याच्या पुढचा ‘जे’ थेट १४५वर. मधल्या जागांवर इंग्रजी अक्षरच नाही! ‘अक्षरात एक मिळवला की पुढचं अक्षर’ असं धरून लिहिलेला प्रोग्रॅम तिथे बिनबोभाट चुकीची उत्तरं देई. बेल लॅब्समधल्याच माइक लेस्क यांनी फाइल वाचण्या-लिहिण्यातले हे फरक झाकायला एक लायब्ररी लिहिली. सी शिकणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी जी ‘एसटीडीआयओ’ लिहितो, तिचं मूळ या लायब्ररीत आहे.

या अनुभवातून रिची आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांच्या लक्षात आलं, की मशीनमधले फरक कंपायलर बरेचसे पचवतो. आडवी येते ती ऑपरेटिंग सिस्टिम. मग प्रत्येक नव्या घराच्या मापाने सामान कापत बसण्यापेक्षा घरच सोबत नेलं तर? म्हणजे युनिक्सच दुसऱ्या मशीनवर चढवायचं. मला हा या साऱ्या इतिहासातला सगळ्यात धाडसी विचार वाटतो, कारण ऑपरेटिंग सिस्टिम ही मशीनच्या हाडामांसाशी जखडलेली असते, अशीच तेव्हा सर्वसाधारण समजूत होती.

त्यांनी इंटरडेटा ८/३२ हे मशीन घेतलं. पीडीपी-११ सोळा बिटांचं, तर हे बत्तीस बिटांचं आणि आयबीएमच्या वळणाचं. ते वेगळं होतं म्हणूनच निवडलं. त्याच सुमारास, १९७७मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या वुलाँगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी स्वतंत्रपणे इंटरडेटा ७/३२वर युनिक्स चालवून दाखवलं.

या प्रवासातली एक अडचण तर नमुनेदार आहे. पीडीपी-११ सोळा बिटांच्या शब्दातला खालचा बाइट आधी ठेवतं, इंटरडेटा वरचा आधी. ‘यू’चा क्रमांक ८५ आणि ‘एन’चा ७८. हे दोन बाइट याच क्रमाने ठेवले, तर पीडीपी-११ त्यांची संख्या २००५३ वाचेल आणि इंटरडेटा २१८३८. अशी जोडीजोडीने अदलाबदल झाली की ‘यू-एन-आय-एक्स’चं ‘एन-यू-एक्स-आय’ होतं. बाइटांच्या क्रमाच्या या घोळाला प्रोग्रॅमर आजही ‘नुक्सी’ म्हणतात.

असले घोळ शोधायला जॉन्सन यांनी ‘लिंट’ लिहिलं. कोड चालतोय, पण दुसऱ्या मशीनवर कुठे फसेल, हे ते आधीच सांगे. त्यांचा नवा कंपायलर तर मुळातच अनेक मशीनांसाठी बेतलेला होता. सी भाषेतले प्रकारांचे नियम याच काळात कडक झाले. १९७८मध्ये जॉन्सन आणि रिची यांनी हा सगळा अनुभव बेल लॅब्सच्या नियतकालिकात मांडला. त्याच सुमारास युनिक्स व्हॅक्स या मशीनवर गेलं. मग प्रत्येक कंपनीने आपापलं युनिक्स काढलं, ती एकमेकांशी जुळेनाशी झाली, आणि १९८८मध्ये ‘पॉसिक्स’ हे समान मानक आणावं लागलं.

मानकांनी वाट सोपी झाली, पण कोडमध्ये न लिहिता धरलेली गृहीतकं त्यांनी निघत नाहीत. युनिक्स वेळ मोजतं ती १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत, आणि हा आकडा बत्तीस बिटांत मावेल असं तेव्हा धरलं गेलं. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी तो तिथे मावेनासा होईल. नव्या सिस्टिमांनी चौसष्ट बिट घेतले आहेत. जुना सी कोड सांभाळणाऱ्यांनी आपल्याकडे वेळ किती बिटांत साठवली जाते, ते आत्ताच उघडून बघावं.