कोल्टच्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरची परीक्षा

जुनें पत्र अस्सल कीं बनावट हें ठरवितांना अक्षराचें वळण, कागद, शिक्का व मोर्तब हीं निरनिराळीं तपासावीं लागतात. जुन्या लष्करी शस्त्रांस मात्र ही कसोटी क्वचितच लाविली जाते. विकणाऱ्यानें “हें सत्तावनच्या धामधुमींतलें” असें म्हटलें कीं घेणाऱ्याचें समाधान होतें. म्हणून एकाच प्रकारच्या शस्त्राचें उदाहरण घेऊन ही परीक्षा कशी करावी, हें येथें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील सॅम्युएल कोल्ट याचें ‘नेव्ही’ नांवाचें सहाबारी रिव्हॉल्व्हर १८५० पासून १८७३ पर्यंत तयार होत होतें. नळी अष्टकोनी, साडेसात इंच लांब. तिचा व्यास ०.३६ इंच. मुख्य कारखाना हार्टफर्ड येथें होता. १८५३ मध्यें कोल्टनें लंडन येथेंही थेम्सच्या कांठीं कारखाना काढला. तो १८५७ पावेतों बंद झाला. क्रिमियाच्या युद्धांत (१८५३-५६) इंग्रज सरकारनें हीं रिव्हॉल्व्हरें हजारांनीं खरेदी केलीं.

आतां खुणांकडे वळूं. नळीच्या माथ्यावरील पत्त्यांत लंडनच्या मालावर लंडनचें, तर हार्टफर्डच्या मालावर बहुधा न्यूयॉर्कचें नांव असतें. चापाची कडी व मुठीची पट्टी लंडनच्या मालांत सामान्यतः लोखंडी, हार्टफर्डच्या मालांत पितळी असते. या दोन गोष्टींवरून घडणीचें स्थळ कळतें. मुकुटाखालीं ‘व्ही’ आणि मुकुटाखालीं ‘जी. पी.’ हे लंडनच्या परीक्षागृहाचे शिक्के होत. अमेरिकेंत घडून इंग्लंडांत विक्रीस आलेल्या मालावरही ते आढळतात, खाजगी गिऱ्हाइकाच्या शस्त्रावरही आढळतात. सबब त्यांवरून घडणीचें स्थळ सिद्ध होत नाहीं, व सैन्याशीं संबंधही सिद्ध होत नाहीं. सरकारी मालकी दाखविते ती रुंद फाळाच्या बाणाची खूण. लंबवर्तुळांतील ‘ई. एल. जी.’ अक्षरें दिसल्यास शस्त्राची परीक्षा बेल्जममधील लीएज येथें झाली असें समजावें.

नळी, सांगाडा, सिलिंडर, चापाची कडी व मुठीची पट्टी यांवरील अनुक्रमांक एकच असावा. तो जुळत नसेल, तर दोन पत्रांचे बंद एकत्र चिकटविल्यासारखा तो प्रकार समजावा. नळी अडकविणारी पाचर मात्र सहज हरवणारी व बदलली जाणारी वस्तु. तेवढीच निराळी असल्यास मोठा दोष मानूं नये.

सिलिंडरवर टेक्सस व मेक्सिको यांच्या आरमारांच्या १६ मे १८४३ रोजींच्या लढाईचें चित्र उठविलेलें असतें. तें किती शिल्लक आहे यावरून शस्त्राच्या झिजेचा अंदाज येतो. अष्टकोनी नळीच्या कडा बोथट, अक्षरें उथळ, स्क्रूंचीं भोंकें बशीसारखीं खोलगट आणि वर निळी झांक ताजी, असें दिसल्यास शस्त्र घासून पुन्हा रंगविलें आहे यांत संशय नाहीं. गंज थांबवावा, चकाकी आणूं नये. घासण्यांत पुरावाच नाहींसा होतो.

१८५७ च्या युद्धांत इंग्रज अधिकाऱ्यांजवळ कोल्टचीं रिव्हॉल्व्हरें होतीं हें खरें. परंतु वर सांगितलेल्यांपैकीं एकही खूण विवक्षित शस्त्र त्या युद्धांत होतें असें सांगत नाहीं. त्यास त्याच अनुक्रमांकाचा उल्लेख असलेला समकालीन कागदच पाहिजे. यास्तव संग्राहकांनीं शस्त्र मिळतांच अनुक्रमांक व खुणा टिपून ठेवाव्या, आणि त्याबरोबर आलेला कागद, मग तो कितीही क्षुल्लक वाटो, शस्त्रापासून वेगळा होऊं देऊं नये, अशी आमची विनंती आहे.