लाख की अकटा? रानटी कडधान्यांच्या ओळखीचा इतिहास

मागच्या वेळी आपण दुष्काळातल्या अन्नाबद्दल बोललो होतो. त्याच विषयाचं एक टोक आज धरू. एकसारख्या दिसणाऱ्या दोन शेंगवेली आणि त्यांच्या ओळखीत झालेला घोळ.

सुरुवात सागरपासून करू. हा मुलूख १८१८ पर्यंत मराठ्यांकडे होता, मग इंग्रजांकडे गेला. तिथे काम केलेल्या स्लीमन या अधिकाऱ्याने १८४४ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात एक हकीकत दिली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये तांबेरा पडला. तिन्ही वर्षं तगलं ते एकच, गव्हात आपोआप उगवणारं 'तिवडा' नावाचं रानटी कडधान्य. एरवी ते गुरांना घालत. आता माणसांनी दाणा खाल्ला आणि पाला गुरांना दिला. १८३३ पासून तिशीच्या आतली धडधाकट माणसं कमरेखाली लुळी पडू लागली.

हा तिवडा म्हणजे आपल्या विदर्भातली लाख, लाखोळी. भंडारा-गोंदियाकडे धान कापायच्या आधी ओल्या बांधीत ती फेकून पेरतात. पाणी नको, खत नको. म्हणूनच ती गरिबाची डाळ झाली, आणि काही भागांत तर सालदाराची मजुरीसुद्धा याच दाण्यात दिली जाई. जो रोज तीच खाणार, तोच पांगळा होणार, हे उघड आहे.

पण दोष नक्की कुणाचा? इथे गोष्ट अडते. कारण लाखेच्या शेतात आणखी एक वेल उगवते. तिला उत्तरेकडे अकटा, अंकरी म्हणतात. शास्त्रीय नाव व्हिसिया सटायव्हा. लाखेचं नाव लॅथिरस सटायव्हस. दोघींना तणावे, दोघींना शेंगा, आणि मळणीत दाणे एकत्र.

शेतात उभं राहून मात्र दोघी ओळखता येतात बरं का. लाखेच्या खोडाला दोन्ही बाजूंनी पातळ पंख असतात, आणि तणाव्याखाली लांबट, गवतासारख्या पानांची साधारण एकच जोडी. अकट्याच्या एका पानात पर्णिकांच्या अनेक जोड्या असतात, आणि देठाच्या बुडाशी असलेल्या उपपर्णांवर बहुधा काळसर ठिपका. त्या ठिपक्यातून मधुरस पाझरतो, म्हणून तिथे मुंग्या दिसतात. लाखेची शेंग चपटी, पाठीवर दोन कंगोरे, दाणा पाचरीसारखा कोनेदार. अकट्याची शेंग लांब, निमुळती, दाणे बहुधा गोल. शंका उरली तर फूल उघडा. व्हिसियाच्या कुक्षीवृंताच्या टोकाशी केसांचा झुबका असतो, लॅथिरसचा कुक्षीवृंत चपटा आणि केस फक्त आतल्या बाजूला.

१९२५ साली अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसेन यांनी हे दाणे वेगळे करून जनावरांना खाऊ घातले. निवडलेल्या लाखेने फारसं काही झालं नाही, अकट्याने जनावरं आजारी पडली. निष्कर्ष निघाला की लाख निर्दोष, गुन्हेगार अकटा. दाणे निवडण्याची त्यांची पद्धत रास्तच होती. पण जनावर आजारी पडलं म्हणजे माणसाचा तोच आजार झाला, हे गृहीत धरणं चुकलं.

पुढे १९६२ मध्ये शार्लट रेस्लर यांनी अकट्यातून सायनोअॅलनिन हे मज्जातंतूंवर परिणाम करणारं द्रव्य वेगळं केलं. म्हणजे अकटाही निरागस नव्हताच. पण १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी खुद्द लाखेच्या दाण्यात एक वेगळं विषारी अमिनो आम्ल शोधलं. आज त्याला ओडॅप म्हणतात. लुळेपणाचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. दोन वेली, दोन विषं. तोवर, १९६१ मध्येच, लाखेच्या विक्रीवर केंद्राच्या नियमाने बंदी आली होती.

गोष्ट इथे संपली असं वाटेल, पण अकटा पुन्हा आला. मसुराच्या शेतात शतकानुशतकं राहून त्याच्या काही जातींचे दाणे मसुरासारखे चपटे झाले आहेत. चाळणीतून जो दाणा मसुरासारखा दिसेल तोच पुढच्या पेरणीत जाणार! पिकाची नक्कल करणारी तणं अशीच घडतात, हे रशियन शास्त्रज्ञ वाव्हिलॉव्ह यांनी मांडलं. पुढे तर त्याचं सोंग गिरणीतच पूर्ण झालं. ऑस्ट्रेलियात 'ब्लांश फ्लर' नावाच्या जातीचे दाणे सोलून, भरडून, केशरी डाळ म्हणून मसुराऐवजी खपू लागले. १९९२ मध्ये टेट आणि एन्नेकिंग यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून धोक्याची घंटा वाजवली. तिथे ना खोड, ना पान, ना ठिपका. सोललेल्या डाळीवर डोळ्यांनी भरवसा कसा ठेवणार? तपासणी प्रयोगशाळेतच.

तेव्हा आपण यातून काय घ्यायचं? वनस्पती ओळखणं हा नुसता छंद नाही. सागरच्या त्या गावांना वेल ओळखता येत होती, नावही माहीत होतं. त्यांच्यापुढे दुसरं ताट मात्र नव्हतं. म्हणून आम्हाला वाटतं, दाणा कोणता हे विचारताना खाणारा कोण आणि त्याला दुसरं काय मिळत होतं, हेही विचारायला हवं. येत्या रब्बीत गव्हाच्या बांधावर गेलात तर खोडाला पंख आहेत का, तेवढं बघून या.