शेतजमिनीचे निवासी रूपांतर (बीड जिल्हा)

शेतजमिनीचे निवासी रूपांतर म्हणजे शेतीसाठी नोंदलेल्या जमिनीचा वापर कायदेशीर प्रक्रियेने बदलून तेथे घरबांधणीसाठी भूखंड पाडणे होय. बोलीभाषेत याला 'जमीन एनए करणे' असे म्हणतात. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ या दोन कायद्यांखाली येतो. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तेथील अनेक जमिनींना या दोन कायद्यांखेरीज हैदराबाद राज्यातील जुने कुळ व इनामविषयक कायदेही लागू होतात.

पार्श्वभूमी

बालाघाट डोंगररांगेच्या परिसरातील हा जिल्हा अवर्षणप्रवण असून येथील बरीच शेती कोरडवाहू आहे. ऊसतोडीसाठी दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे स्थलांतर करतात. अशा ठिकाणी रस्त्याकडेच्या एक-दोन एकर जमिनीला पिकापेक्षा भूखंड म्हणून कितीतरी पटीने अधिक किंमत मिळते. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग बीड शहरावरून जातो. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाचे काम पुढे सरकून सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत रेल्वे आली. अशा कामांबरोबर शहरालगतच्या जमिनींची मागणी वाढते.

शहरालगतची सर्वच जमीन मात्र कोरडवाहू नाही. सोळाव्या शतकात बांधलेल्या खजाना विहिरीच्या पाण्यावर बीडजवळची शेती शतकानुशतके भिजत आली आहे. वस्ती वाढू लागली की प्रथम हात पडतो तो अशाच सपाट, पाण्याजवळच्या जमिनीवर.

कायदेशीर प्रक्रिया

येथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. पहिली, जमीन विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत कोणत्या विभागात दाखवली आहे. दुसरी, महसूल दप्तरी तिचा वापर कृषिक आहे की अकृषिक.

योजनेत जमीन शेती विभागात असेल, तर निवासी वसाहतीसाठी आधी योजनेतच फेरबदल करावा लागतो. विकास योजनेच्या बाबतीत नगर रचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार नियोजन प्राधिकरण, म्हणजे सामान्यतः नगरपरिषद, फेरबदलाची सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवते व प्रस्ताव राज्य शासनाच्या मंजुरीसाठी पाठवते. प्रादेशिक योजनेतील फेरबदल कलम २० खाली होतो. हरकत नोंदवण्याची संधी शेजारच्या शेतकऱ्यालाही असते. तथापि सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रात प्रसिद्ध होऊन मुदत संपेपर्यंत तिची माहिती गावात पोहोचेलच असे नाही.

महसुली बाजूने संहितेच्या कलम ४४ ने मूळ कार्यपद्धती ठरवून दिली. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागे आणि पोच दिल्यापासून ९० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाई. 'एनए ४४' हा जाहिरातींतील शब्द या कलमावरूनच आला. २०१४ व त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी कलमे ४२-अ ते ४२-ड घालून ही पद्धत बरीच सैल केली. विकास योजनेत निवासी दाखवलेल्या जमिनीसाठी जिल्हाधिकाऱ्याच्या स्वतंत्र पूर्वपरवानगीची गरज कमी झाली, तर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, काही अपवाद वगळता, अकृषिक झाल्याचे मानण्याची तरतूद झाली. रूपांतर कर व अकृषिक आकारणीची जबाबदारी यामुळे संपली नाही.

यानंतर येते ते रेखांकन, म्हणजे लेआउट. २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या क्षेत्राच्या रेखांकनात साधारणतः १० टक्के जागा खुली सोडावी लागते. अंतर्गत रस्त्यांची रुंदीही ठरलेली असते. नदीच्या पूररेषेतील बांधकामावर निर्बंध आहेत. बीड शहरातून वाहणाऱ्या बिंदुसरा नदीला १९८९ मध्ये आलेला पूर पाहता येथे हा नियम केवळ कागदी नाही.

मराठवाड्यातील जमिनींचे वेगळेपण

बीडमधील खरेदीदारासाठी सातबारावरील 'भोगवटादार वर्ग २' ही नोंद फार महत्त्वाची असते. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खाली कुळाला मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरणावर कलम ५०-ब ने बंधने घातली. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास आकारणीच्या ४० पट नजराणा भरून अशी जमीन विकता येते.

इनाम जमिनींचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करणे अधिनियम, १९५४ ने इनामे संपुष्टात आणली, परंतु धार्मिक व धर्मादाय संस्थांसाठीची इनामे त्यातून वगळली. त्यामुळे मदतमाश जमीन नजराणा भरून नियमित होऊ शकते, पण मंदिर, मशीद वा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन सेवेकऱ्याच्या खाजगी मालकीची होत नाही. अशा जमिनीवर पाडलेले भूखंड रीतसर रेखांकनासारखे दिसले, तरी विकणाऱ्याकडे विकण्याचा हक्कच नसतो आणि नुकसान शेवटच्या खरेदीदाराचे होते.

गुंठेवारी

परवानगीशिवाय शेताचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकण्याला गुंठेवारी म्हणतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यास मनाई केली. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० आर असे ठरले. व्यवहार मात्र थांबले नाहीत. नोटरीकृत करारावर किंवा सामाईक खरेदीखतावर ते होत राहिले आणि एकाच सातबारावर अनेक असंबंधित नावे चढली. अशा भूखंडधारकाला बांधकाम परवानगी व गृहकर्ज मिळणे अवघड जाते. रस्ता कुणी सोडायचा यावरून वाद होतात.

महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ ने १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. तुकडेबंदी कायद्यातही २०१७ मध्ये जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची तरतूद आली. प्रतिसाद कमी मिळाल्याने २०२४ मध्ये ही रक्कम ५ टक्क्यांवर आणली गेली. लहान तुकड्यांच्या दस्तनोंदणीस अटकाव करणारे नोंदणी महानिरीक्षकांचे जुलै २०२१ चे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये रद्द ठरवले. बीड जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

वारंवार मिळणाऱ्या या सवलतींमुळे नियमाने रेखांकन करून रस्ते व खुली जागा सोडणाऱ्यापेक्षा न सोडणाराच फायद्यात राहतो, अशी टीका केली जाते. दुसऱ्या बाजूला, मोडकळीला आलेल्या शेतीतून बाहेर पडून तालुक्याच्या गावी मुलांच्या शिक्षणासाठी घर करू पाहणाऱ्या कुटुंबाला मंजूर रेखांकनातील भूखंड अनेकदा परवडत नाही.