बुडालेल्यांसाठी बक्षीस लावणारा औषधविक्रेता : प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचा इतिहास #थ्रेड

१/ १७७३ साली लंडनमधील एका औषधविक्रेत्याने चमत्कारिक बक्षीस जाहीर केले. पाण्यातून काढलेला माणूस फार वेळ न दवडता जो कोणी आपल्याकडे आणील, त्याला पदरचे पैसे देण्याची त्याची तयारी होती. मग तो माणूस मेल्यासारखा का दिसेना! औषधविक्रेता आणि प्रथमोपचार यांच्या नात्याचा हा एक आरंभबिंदू.

२/ त्याचे नाव विल्यम हॉज. व्यवसाय अपॉथेकरीचा. त्या काळचा अपॉथेकरी औषधे कुटून, घोटून, तोलून देत असे आणि रुग्णही तपासत असे. पदवीधर डॉक्टरची फी ज्यांना परवडत नसे, त्यांचा पहिला आधार तोच. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांतला मिक्श्चर बनवणारा, जखम धुऊन पट्टी बांधणारा कंपाउंडर आठवला, तर त्याच्या कामाचे स्वरूप थोडेफार ध्यानी येईल.

३/ श्वास थांबला आणि अंग गार पडले की बुडालेला माणूस मेला, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. कालव्यांच्या ॲम्स्टरडॅम शहरात मात्र १७६७ मध्ये अशा माणसांना शुद्धीवर आणण्यासाठी एक संस्था निघाली होती. तिचे अहवाल डॉ. थॉमस कोगन यांनी १७७३ मध्ये इंग्रजीत आणले. हॉज यांचाही ध्यास तोच होता.

४/ हॉज यांनी वर्षभर बक्षिसाचा भार एकट्याने सोसला. हा खर्च एका माणसाने उचलणे योग्य नव्हे, असे कोगन यांना वाटले. मग दोघांनी प्रत्येकी १५ मित्र जमवले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सेंट पॉल कॅथेड्रलजवळच्या चॅप्टर कॉफी हाउसमध्ये संस्था स्थापन केली. हीच पुढे ‘रॉयल ह्यूमेन सोसायटी’ म्हणून प्रसिद्ध झाली.

५/ या बैठकीच्या अवघ्या १४ दिवस आधी हॉज यांनी एक रुग्ण गमावला होता. तो रुग्ण म्हणजे प्रसिद्ध लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथ. २५ मार्चच्या रात्री तापाने फणफणलेल्या गोल्डस्मिथ यांनी हॉज यांना बोलावून घेतले. ‘जेम्स पावडर’ हे तेव्हाचे अतिशय खपाचे तापावरचे औषध घेण्याचा त्यांचा हट्ट होता.

६/ त्या भुकटीत अँटिमनी हा विषारी घटक असे. ती घेऊ नये म्हणून हॉज यांनी परोपरीने विनवले आणि डॉ. फोर्डाइस यांनाही बोलावून घेतले. गोल्डस्मिथ यांनी ऐकले नाही. ४ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यू आजाराने आला की औषधाने, हा वाद पुढे रंगला. हॉज यांनी साऱ्या प्रसंगाची हकीकत त्याच वर्षी छापून प्रसिद्ध केली. चुकीचे औषध हाती पडू न देणे हाही औषधविक्रेत्याच्या प्रथमोपचाराचाच भाग आहे, हे त्या हकीकतीतून दिसते.

७/ सोसायटीचे मर्म बक्षिसापेक्षा तिच्या योजनेत होते. काय करावे याच्या सूचना छापून वाटल्या गेल्या. पाण्याकाठच्या ठरावीक घरांत उपकरणे ठेवली गेली. बुडालेल्याला आपल्या घरात घेणाऱ्यालाही मोबदला मिळे, कारण दारात प्रेत नको म्हणून लोक दार लावून घेत. मदत जवळ हवी आणि ती कशी करायची हे आधीच ठाऊक हवे, ही प्रथमोपचाराची दोन्ही सूत्रे येथे एकत्र आली.

८/ पण ‘ठाऊक असलेले’ बरोबर होते काय? अंगाला ऊब देणे आणि फुप्फुसांत हवा भरणे हे उपाय आजही पटतात. त्यांच्याच जोडीला, नळी व भात्याच्या साहाय्याने गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडण्याचा उपायही होता! धुराने शरीराला ऊब आणि चेतना मिळते, अशी डॉक्टरांचीही श्रद्धा होती.

९/ १८११ मध्ये बेंजामिन ब्रॉडी यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की तंबाखूतील द्रव्य हृदयाला घातक आहे. पुढे तो धूर मागे पडला. दुसरीकडे, तोंडाने श्वास देण्याची उपयुक्त पद्धतही दीर्घकाळ बाजूला पडली. १९५०च्या दशकात एलम आणि साफर यांच्या संशोधनाने ती परत आली. १९६० मध्ये छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि आजच्या सीपीआरचा पाया घातला गेला.

१०/ म्हणूनच प्रथमोपचाराचे शिक्षण एकदा घेऊन संपत नाही. उत्तम हेतूने चुकीचा उपाय करणारी माणसे इतिहासात काही कमी नाहीत.

११/ सामान्य नागरिकांसाठी शिस्तबद्ध वर्ग सुरू झाले ते मात्र शंभर वर्षांनी. १८७८ मध्ये लंडनजवळच्या वुलविच येथे सर्जन-मेजर पीटर शेफर्ड आणि कर्नल फ्रान्सिस डंकन यांनी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या वतीने ते चालवले. शेफर्ड २२ जानेवारी १८७९ रोजी झुलू युद्धात इसांडल्वाना येथे मारले गेले. त्यांची प्रथमोपचाराची पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली.

१२/ भारतात १९४८ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षीच्या कारखाने अधिनियमाच्या ४५व्या कलमाने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सक्तीची केली. कामाच्या वेळेत प्रत्येक पेटीपाशी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेली एक जबाबदार व्यक्ती सहज उपलब्ध असली पाहिजे, असेही बंधन त्या कलमात होते. नुसती पेटी पुरत नाही, ती उघडणारा हात शिकलेला हवा, हे कायद्याने मान्य केले.

१३/ त्याच वर्षी फार्मसी कायदा आला आणि नोंदणीकृत फार्मासिस्टला कायदेशीर ओळख मिळाली. पुढे १९९१च्या शिक्षण नियमावलीनुसार डी. फार्म.च्या अभ्यासक्रमात शॉक, सर्पदंश, भाजणे, विषबाधा, हृदयविकार, अस्थिभंग आणि पुनरुज्जीवनाच्या पद्धती या विषयांवरील प्रथमोपचाराचा समावेश झाला.

१४/ मात्र ४५वे कलम कारखान्यांसाठी होते. दोन-तीन माणसांचे औषधाचे दुकान त्या चौकटीत बसत नव्हते. प्रत्यक्षात रस्त्यावर अपघात झाला, कोणी चक्कर येऊन पडले, हात भाजला, की गर्दी आधी धावते ती ‘मेडिकल’कडे. परीक्षेसाठी वाचलेला धडा अशा वेळी वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. छाती किती खोल आणि किती वेगाने दाबावी, हे तर हाताला सरावानेच कळते.

१५/ हॉज १८०८ मध्ये वारले. त्यांच्या काळातला धुराचा भाता आज संग्रहालयात पाहायला मिळतो. पण माणूस दारात आणला जाण्याआधीच तयारी हवी, हा त्यांचा आग्रह आजही प्रत्येक औषधाच्या दुकानाला लागू आहे.