मालवण, जिल्हा रत्नागिरी : पलटणीतला माणूस गावात कसा शोधायचा

१५ मार्च १९४१. एरिट्रियातल्या केरेन गावाजवळ इटालियन फौज डोंगर आणि खिंड अडवून बसली होती. त्या दिवशी सकाळी डोंगरावर चढाई केली हायलँड लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनने. ही स्कॉटिश पलटण, ग्लासगोशी नातं सांगणारी. वरून इतका मारा झाला की जवान उघड्या उतारावर खिळून राहिले. त्यानंतर शेजारचा ‘फ्लॅट टॉप’ नावाचा माथा घेतला तो ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीने. (३/५ म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. जुन्या कागदांत हा आकडा सतत भेटेल, तेव्हा आत्ताच डोक्यात बसवून घ्या.) तिचे कमांडर डेनिस रीड हे मूळचे सीफोर्थ हायलँडर्समधले, म्हणजे पुन्हा स्कॉटिश पलटणीतलेच. केरेन पडायला २७ मार्च उजाडला.

माझं काम सिंधुदुर्गातल्या सैनिकांवर आहे. मग सुरुवात ग्लासगोवाल्यांपासून कशाला? कारण एकाच डोंगरावर, एकाच दिवशी लढलेल्या या दोन पलटणींची आठवण पुढे दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी ठेवली गेली. तुलना केल्याशिवाय आपल्याकडे नेमकं काय झालं ते दिसत नाही.

आधी स्कॉटिश बाजू. या दुसऱ्या बटालियनचा पूर्वज म्हणजे ७४वी हायलँडर्स. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत, आजच्या जालना जिल्ह्यात, ती वेलस्लीच्या बाजूने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेविरुद्ध लढली आणि अक्षरशः कापली गेली. त्याबद्दल तिला जादा निशाण मिळालं. पुढे हायलँड लाइट इन्फन्ट्रीच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हत्ती आणि ‘असई’ हे नाव आलं. म्हणजे मराठ्यांविरुद्धच्या लढाईची खूण टोपीवर वागवणारी पलटण १३७ वर्षांनी ‘मराठा’ नावाच्या पलटणीच्या जोडीने केरेनचा डोंगर चढत होती.

इथे लगेच भावुक होऊ नका. असईच्या मैदानावरची मराठा फौज आणि १९४१ची मराठा पलटण यांचा वंश एक नाही. या रेजिमेंटची सर्वांत जुनी बटालियन १७६८ साली उभी राहिली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात. ‘मराठा’ हे नाव नंतर चिकटलं, भरती कोणत्या समाजातून व्हायची यावरून. प्रबंधात ‘मराठा सैनिक’ असं लिहिलंत तर जात, भाषा, राज्य की पलटण यातलं नक्की काय म्हणायचंय, हा प्रश्न मार्गदर्शक विचारणारच.

तर ग्लासगोत काय झालं? रेजिमेंट १९५९ साली दुसऱ्या पलटणीत विलीन झाली, पण तिचं संग्रहालय शहरात राहिलं. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी, चर्चच्या भिंतींवर, शाळांत, कारखान्यांत नावांच्या पाट्या लागल्या. साध्या सोल्जरचंही नाव. मेलेल्या माणसाची नोंद पलटणीकडेही राहिली आणि गल्लीतही राहिली.

आपल्याकडे त्याच युद्धानंतर सरकारने कित्येक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर साधारण एकच: या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात अमुक माणसं गेली, त्यातली तमुक कामी आली. नाव एकही नाही. फक्त आकडे.

आणि ही कंजुषी गावापुरती नव्हती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या. उपासमार इतकी की घोडे कापावे लागले. ते मांस खायला बरेच हिंदी शिपाई बराच काळ तयार नव्हते, आणि खाल्लं तर गावी परतल्यावर आपल्याला कोण पंगतीला घेईल, ही भीती त्यामागे होती. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात शेकड्यांनी माणसं गेली. युद्धानंतर ११७व्या पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. पण बसऱ्याच्या स्मारकावर मूळ योजनेत ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली आणि हिंदी शिपायांचा प्रत्येक पलटणीमागे फक्त आकडा घातला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने नेमलेल्या समितीने २०२१च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला: किमान १,१६,००० मृतांची, कदाचित त्याहून कितीतरी अधिक जणांची, नावानिशी आठवण ठेवलीच गेली नव्हती. (ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून नासिरियाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वाळवंटात नेलं.)

कुडाळ तालुक्यातल्या एका घरात एका आजींनी मला एका वाक्यात सगळं सांगितलं: “आमचो आजो बसऱ्याक गेललो, तो परत इलोच नाय.” पलटण कोणती, नंबर काय, साल कोणतं, काही नाही. कुटुंबाकडे गाव आणि माणूस आहे, पलटण नाही. सैन्याच्या कागदात पलटण आणि नंबर आहे, गाव जेमतेम. आपलं काम या दोन अर्ध्या कागदांना जोडण्याचं. म्हणून ‘कोकणातले सैनिक विस्मृतीत का गेले?’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला. ते विस्मृतीत गेलेले नाहीत. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये पलटणींच्या लढायांची आठवण नीट जपली जाते. पण ती ठेवण पलटणवार आहे, गाववार नाही. मालवणात उभं राहून बेळगावचं कपाट उघडायचं असेल तर किल्ली वेगळी लागते.

त्या किल्लीतला पहिला दात म्हणजे जिल्हा. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधीच्या कोणत्याही नोंदीत ‘सिंधुदुर्ग’ शोधलंत तर काही मिळणार नाही, आणि दुर्दैवाने बरेच जण इथेच थांबतात. मालवण, देवगड, वेंगुर्ला हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात होते. कणकवली तालुका पहिल्या महायुद्धाच्या वेळी नव्हताच. कुडाळ, बांदा आणि खुद्द वाडी हा भाग सावंतवाडी संस्थानात, म्हणजे ब्रिटिश हद्दीच्या बाहेर. तिथला शिपाई ‘रत्नागिरी’खाली मिळणार नाही, संस्थानाच्या नावाखाली पाहावा लागतो. नदी ओलांडली की राज्य बदलायचं. एकाच कुटुंबातले दोन चुलतभाऊ दोन वेगळ्या रकान्यांत पडलेत, असं होऊ शकतं. त्यातून इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा: मालवणात व्ही की डब्ल्यू, देवगडचं ‘देवगढ’, आणि आडनाव कधी आहे तर कधी फक्त बापाचं नाव. मी प्रत्येक गावासाठी चार-पाच संभाव्य स्पेलिंगांची यादी करून ठेवली आहे. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरं, भरती करणाऱ्यांची दृष्टी. १९०८ साली आर. एम. बेथम यांनी मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावर लष्करासाठी हँडबुक लिहिलं. त्यात कोकणी मराठा आणि देशी मराठा असा भेद आहे. कोणता माणूस चांगला शिपाई होईल, कुठे जाऊन भरती करावी, असा सगळा हिशोब. ही पुस्तकं माहितीसाठी वाचा, पण ती वर्णन नव्हे, खरेदीची यादी आहे हे विसरू नका.

या यादीतून कोण वगळले गेले तेही त्याच कोकणाची गोष्ट आहे. महार सैनिकांची मोठी परंपरा इथे होती. दापोली हे पेन्शनर सैनिकांचं गाव. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले होते. १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली. गरज पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडली. मग १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. म्हणजे मधल्या काळात फक्त मराठा पलटणींची यादी बघून ‘गावातून इतके सैनिक गेले’ असा निष्कर्ष काढला, तर सरकारने ज्यांना दारातूनच परत पाठवलं ते आपल्या आकडेवारीतूनही परत जातात. किनाऱ्यावरच्या माणसांचं तसंच. जहाजांवर गेलेले खलाशी सैनिक म्हणून मोजले जात नाहीत. त्यांच्यासाठी मुंबईतल्या सेलर्स होममधलं स्मारक बघावं लागतं.

पत्रांबद्दल नेहमी विचारणा होते. हिंदी सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतली निवडक पत्रं १९९९ साली छापली. पुस्तक जरूर वाचा. मात्र हा संग्रह प्रामुख्याने फ्रान्सच्या आघाडीभोवतीचा आहे, आणि त्यात पंजाब ठळक आहे. कुतमधल्या मराठा पलटणींचा आवाज त्यात शोधत बसलात तर सहा महिने जातील.

दुसऱ्या महायुद्धाचं एक उदाहरण मात्र वेगळं पडतं. ३/५ मराठाचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. इथे गाव, पलटण आणि रणभूमी तिन्ही जोडली गेली. ते जोडलं त्या पदकाने. केरेनच्या डोंगरावर त्याच बटालियनमधून चढलेल्या, पदक न मिळालेल्या शिपायाच्या बाबतीत तसं जोडणारं काहीच नाही, आणि माझा प्रबंध त्याच्याबद्दल आहे.

तसं ‘काहीच नाही’ म्हणणंही बरोबर नाही. साधं पदक बहुतेकांना मिळालं होतं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचं, तर मजूर पथकातल्यांना आणि पलटणीसोबतच्या नोकरांना काशाचं. धातू बघूनच माणूस लढणारा होता की ओझी वाहणारा, याचा अंदाज येतो. चांदीची पदकं अडीअडचणीला सोनाराकडे गेली असणार, म्हणून काशाची जास्त उरलीत का, हे मला तपासायचंय. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाचे ‘स्टार’ ब्रिटिश सैनिकांना नाव न घालता दिले गेले, पण भारत सरकारने दिलेल्यांवर नाव कोरलेलं असतं. बसऱ्याच्या दगडावर जे आलं नाही ते ट्रंकेच्या तळाशी असू शकतं.

म्हणून घरी गेल्यावर पदकाचा राजाचं तोंड असलेल्या बाजूचा फोटो काढून परत येऊ नका. तो सगळ्यांचा सारखाच असतो. भिंग आणि टॉर्च बरोबर न्या, पदक घासून चकचकीत करू नका आणि करू देऊही नका, अक्षरं झिजतात. कडेचे तीन-चार फोटो घ्या, फिरवत फिरवत. स्टार असेल तर मागची बाजू. नंबर वाचता आला की त्याच बैठकीत घरच्यांकडून गावाचं जुनं नाव, वाडीचं नाव आणि १९४८ पूर्वी तो भाग संस्थानात होता की रत्नागिरीत, हे लिहून घ्या.